विटांच्या जुन्या फायरप्लेसवर स्टोन व्हिनिअर: दगड निवडण्याआधी मागची भिंत बघा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतलं १९७०च्या दशकातलं स्प्लिट-लेव्हल घर, नुकतंच घेतलेलं. फॅमिली रूममध्ये लाकूड जाळायचं विटांचं फायरप्लेस आहे. विटा जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत, भिंतीच्या चार इंच पुढे आलेल्या, आणि आधीच्या मालकाने त्यांना पांढरा रंग फासलेला. त्यावर छतापर्यंत ड्रायवॉल, म्हणजे कागद लावलेल्या जिप्समच्या पाट्या. आता खालपासून वरपर्यंत स्टोन व्हिनिअर, म्हणजे भिंतीवर चिकटवायचा पातळ दगड हवाय, मध्ये लाकडी मँटल (फायरप्लेसवरची फळी), त्याच्यावर टीव्ही. पुण्यात मामांच्या बंगल्याला गवंड्याने दोन दिवसांत क्लॅडिंग करून दिलं होतं, मग इथे दिवाळीच्या आत एखाद्या लाँग वीकेंडला आपणच का करू नये? विटांवर आणि ड्रायवॉलवर थेट चिकटवलं तर चालेल का? आणि मागचा कागद सोलून चिकटवायची पॅनेल मिळतात, ती कशी?

आधी तिन्हीची उत्तरं देऊन टाकतो. रंगवलेल्या विटांवर थेट लावू नका. ड्रायवॉलवरही थेट नको. आणि सोलून चिकटवायची पॅनेल लाकूड जळणाऱ्या फायरप्लेसच्या आसपास आणूच नका. त्यातली बरीचशी प्लॅस्टिकची किंवा फोमची असतात, आणि जी खऱ्या दगडाची असतात त्यांचा गोंद उष्णतेने मऊ पडतो. मात्र काम घरच्या घरी करण्याजोगं आहे, हेही खरं. थोडीफार हातोडी-ड्रिल चालवलेली दोन माणसं ते नीट करू शकतात. फक्त एका वीकेंडमध्ये नाही.

मी डिप्लोमा महाराष्ट्रात केला, पण कामाचं आयुष्य इथल्या घरांच्या रिमॉडेलिंगमध्ये गेलं. त्यामुळे पुण्याची तुलना मला कळते, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो हेही माहीत आहे. पुण्यातल्या मामांची भिंत विटांची, वर सिमेंटचा गिलावा. तो छिन्नीने टोचून खरबरीत केला, पाणी मारलं, सिमेंट लावून दगड बसवला की झालं. मागे सगळं सिमेंटच, एका जातीचं. इथली भिंत म्हणजे १६ इंचांवर उभे लाकडी स्टड, त्यांवर अर्धा इंच जाडीचं जिप्सम आणि त्याला दोन्ही बाजूंनी कागद. ओलं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा मसाला) त्या कागदावर लावलं की कागद पाणी पितो, फुगतो, आणि काही महिन्यांनी दगड कागदासकट हातात येतो. दगड सुटण्याच्या तक्रारी बघायला जातो तेव्हा पडलेला तुकडा मी आधी उलटा करतो. पाठीला काय चिकटलंय ते बघितलं की कारण कळतं: ड्रायवॉलचा कागद, रंगाचा पापुद्रा, किंवा काहीच नाही, म्हणजे मॉर्टर सुकल्यावर दगड दाबला होता. दगड स्वतः खराब निघाल्याचं क्वचितच आढळतं.

म्हणून दुकानात जाऊन नमुने बघण्याआधी आपलं फायरप्लेस बघा.

पहिलं म्हणजे ते खरोखर बांधीव आहे का? तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं, पण १९७०-८०च्या घरांत पत्र्याची कारखान्यात बनवलेली पेटी बसवून पुढे फक्त विटांचा मुखवटा केलेला असतो, असंही पुष्कळदा निघतं. टॉर्च घेऊन आत बघा. आतल्या बाजूला पिवळट फायरब्रिक आणि वर धुराची वाट उघड-बंद करणारा लोखंडी डँपर दिसला, छपरावर विटांची चिमणी असली, तर बांधीव. पत्र्याच्या भिंती, जाळीच्या फटी, कुठेतरी खिळवलेली मॉडेल नंबरची पट्टी दिसली तर कारखान्यातलं. त्या प्रकारात काय झाकायचं आणि काय नाही हे फक्त त्या मॉडेलचं मॅन्युअल सांगतं. हवेच्या जाळ्या झाकल्या, किंवा तोंडाभोवतीच्या (आग दिसते त्या उघड्या भागाभोवतीच्या) काळ्या पत्र्याच्या पट्टीवर दगड चढवला, तर पेटीला थंड ठेवणारी हवा बंद होते आणि मागचं लाकूड तापतं. ते कुणाला दिसतही नाही. पुढचं सगळं मी बांधीव फायरप्लेस धरून लिहितोय.

दुसरं, चिमणी. एनएफपीए २११ हे इथलं चिमणीचं मानक वर्षातून एकदा तपासणी करायला सांगतं, आणि घराची मालकी बदलली की जास्त खोलवरची, लेव्हल २ तपासणी. तुम्ही घर नुकतंच घेतलंय. ती झाली नसेल तर आधी करून घ्या. तिच्यात कॅमेरा आत सोडून चिमणीचं आतलं अस्तर, म्हणजे लायनर, बघतात. लायनरला तडा असेल तर दुरुस्तीसाठी कधीकधी पुढच्या विटा काढाव्या लागतात, आणि तेव्हा नवा दगड फोडायची वेळ येते.

तिसरं, रंग. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८मध्ये बंदी आली. तुमचं घर त्याआधीचं असण्याची दाट शक्यता, म्हणजे तो पांढरा रंग तपासल्याशिवाय घासायचा नाही. घरात लहान मूल असेल तर हे अजिबात टाळू नका. त्या काळातल्या ड्रायवॉलच्या सांध्यांत भरलेल्या पुट्टीत अ‍ॅसबेस्टॉसही असू शकतं. दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवता येतात. दगडाच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ आहे.

आता आगीपासूनचं अंतर. इथे लोकांची एक समजूत पक्की असते की दगड जळत नाही, मग दगड लावला की मागचं सगळं सुरक्षित. दगड जळत नाही हे बरोबर, पण तो उष्णता अडवत नाही. तापतो आणि मागे पोचवतो. सिमेंट बोर्डचंही तेच. त्यामुळे लाकडाचं अंतर मोजताना दगड आणि बोर्ड जणू नाहीतच असं समजा. निवासी बांधकामाच्या संहितेत बांधीव फायरप्लेससाठी आकडे स्पष्ट आहेत. तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड अजिबात नाही. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड पुढे किती यावं, तर तोंडापासूनच्या दर इंचामागे जास्तीत जास्त १/८ इंच. म्हणजे ८ इंच वर असलेली लाकडी पट्टी फक्त १ इंच पुढे येऊ शकते. आठ-दहा इंच खोल मँटल हवा असेल तर तो १२ इंचांच्या वरच न्यायला हवा. तुमच्या बाबतीत विटा साडेचार फुटांवर संपतात. तोंडाची उंची नेहमीसारखी अडीच फुटांच्या आसपास असेल आणि हार्थ (तोंडापुढची न जळणारी जमीन) घराच्या जमिनीसरशी असेल, तर मधे जवळजवळ दोन फूट मिळतात. हार्थ उंच ओटा करून बांधलेला असेल तर तेवढी उंची त्यातून वजा करा.

भिंतीच्या आतही एक नियम आहे. बांधीव फायरप्लेसच्या पुढच्या भागापासून आणि दोन्ही बाजूंपासून लाकडी स्टड किमान २ इंच आणि मागच्या बाजूपासून ४ इंच दूर हवेत, आणि ती पोकळी रिकामीच राहायला हवी. ड्रायवॉल उघडल्यावर ती फट दिसते, आणि हौशी माणसाला तिच्यात फोम किंवा मॉर्टर भरायचा मोह होतो. भरू नका.

हार्थकडेही टेप घेऊन जा. तोंडाचं क्षेत्रफळ ६ चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर पुढे १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच न जळणारी जमीन लागते; ६ किंवा त्याहून जास्त असेल तर २० आणि १२ इंच. ३६ बाय ३० इंचांचं तोंड म्हणजे साडेसात चौरस फूट, म्हणजे २० इंचांचा नियम. लाथ (गिलावा धरून ठेवणारी धातूची जाळी), गिलावा, मॉर्टर आणि दगड मिळून तोंड दोन-अडीच इंच पुढे येतं. जुना हार्थ मोजून २० इंचच असेल तर नव्या दगडापासून तो साडेसतराच उरतो. काम संपल्यावर इन्स्पेक्टरने हे दाखवून दिलं की हार्थ वाढवण्यावाचून इलाज नसतो. टाउनशिपच्या ऑफिसला आधीच फोन करून परमिट लागतं का ते विचारून ठेवा. आणि काचेचं दार असेल तर ते काढून बाजूला ठेवा, मग दगड लावल्यावर बिजागरं उघडतील का ते कागदावर मांडून बघा. यावर फार जण अडकतात.

इथे एक प्रश्न मीच तुम्हाला विचारतो: या विटा झाकायच्याच आहेत का? १९३७मध्ये बाल्टिमोरच्या एका माणसाने फॉर्मस्टोन नावाच्या नकली दगडाच्या लेपाचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही दशकांत त्या शहरातली हजारो विटांची घरं त्याने झाकली गेली. आता तिथले लोक तो उपटून खालच्या विटा परत मिळवू बघतात, आणि लाथ ठोकलेल्या खिळ्यांची भोकं बुजवत बसतात. आतल्या खोलीत वाऱ्या-पावसाचा प्रश्न नाही, पण परतीची वाट तितकीच अवघड. तुमच्या विटा आधीच रंगवलेल्या आहेत, त्यामुळे मला विशेष हळहळ नाही. रंग न दिलेल्या, चांगल्या भाजलेल्या विटा असत्या तर मी फक्त मँटल बदला आणि विटा साबणाने धुवा असं सांगून गप्प बसलो असतो.

तर, मागची भिंत तयार करणं. तुमच्याकडे दोन वेगळ्या जातींचे पृष्ठभाग आहेत, आणि ते दोन वेगळ्या पातळ्यांवर आहेत. वीट तापते-निवते, स्टडची भिंत हिवाळा-उन्हाळ्यात हलते. दोन्हींवरून एकसंध दगड नेला की सांध्याच्या रेषेत तडा जातो, आणि हा तडा पुन्हा पुन्हा भरला तरी परत येतो. तुमचं नशीब असं की तिथेच मँटल बसवता येतो. विटांच्या वरच्या काठावर मँटल, खालचा दगड खाली संपतो, वरचा दगड मँटलच्या वर चार इंच मागे सुरू होतो, सांधा मँटलमागे लपतो. वरचाही भाग पुढे आणून सरळ उभा चौकोनी खांब करायचा असेल तर तो स्टीलच्या स्टडनी पुढे आणा, लाकडाने नको. पण मला पहिली रचना जास्त आवडते. खोलीत ती अंगावर येत नाही.

खालच्या रंगवलेल्या विटांसाठी दोन मार्ग. एक, रंग पूर्ण काढून वीट उघडी करणं. विटेवर पाण्याचे थेंब टाका. पाणी शोषलं तर मॉर्टर धरेल, मण्यांसारखं ओघळलं तर अजून रंग किंवा सीलर शिल्लक आहे. शिशाचा प्रश्न असेल तर हा मार्ग सोडूनच द्या. दुसरा मार्ग लाथचा, आणि तोच मी सुचवतो. गॅल्व्हनाइज्ड डायमंड लाथ विटांवर मेसनरी स्क्रू आणि वॉशरने घट्ट बसवायची. मग गिलाव्याची पकड रंगावर अवलंबून राहत नाही, स्क्रूवर राहते. विटेत सव्वा इंच शिरला की पुरे, उगाच लांब स्क्रू घेऊ नका. तोंडाच्या वरच्या विटांवर काजळी असेल तर ती आधी ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्याने धुऊन वाळवा.

वरच्या ड्रायवॉलवर आधी बिल्डिंग पेपरचा थर, म्हणजे गिलाव्याचं पाणी जिप्समपर्यंत जाणार नाही. मग लाथ, आणि तिचे स्क्रू दर ६ इंचांवर, फक्त स्टडमध्येच, लाकडात किमान १ इंच शिरलेले. स्टड कुठे आहेत ते आधी शोधून जमिनीपासून छतापर्यंत रेषा मारून ठेवा, कारण लाथ चढली की त्या दिसत नाहीत. लाथचे तुकडे एकमेकांवर किमान १ इंच चढवा. कोपऱ्यावर तुकडा संपवू नका. पुढच्या बाजूवर वळवून न्या. तिला वरची-खालची बाजू असते: जाळीच्या वाट्यांचं तोंड वर हवं, म्हणजे मॉर्टर त्यांत बसतं.

ड्रायवॉल काढून तिथे सिमेंट बोर्ड लावायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने दगड थेट त्यावर बसवायचा, हा तिसरा पर्याय. तो स्वच्छ आणि वेगवान आहे, आणि वरच्या भागासाठी मला त्यात काही गैर वाटत नाही. लाथपेक्षा साहित्य महाग पडतं, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला गिलाव्याची पातळी सांभाळण्यापेक्षा बोर्ड सरळ बसवणं सोपं जातं. मात्र डब्यात तयार मिळणारं मॅस्टिक किंवा ट्यूबमधला बांधकामाचा गोंद वापरून वेळ वाचवू नका.

लाथवर स्क्रॅच कोट, म्हणजे टाइप एस मॉर्टरचा अर्धा इंच जाडीचा थर. लाथ पूर्ण झाकली गेली पाहिजे. थापीने दाबून भरा, कारण जाळीच्या मागे मॉर्टर गेलं नाही तर तो थर नुसता पुढे लटकत राहतो. थोडा घट्ट झाला की दातेरी खरडणीने आडव्या रेघा ओढा. आडव्याच, उभ्या रेघांवर दगड घसरतो. एक-दोन दिवस हलकं पाणी मारून ओलसर ठेवा. आपल्याकडे गिलाव्याला पाणी मारायला कुणाला सांगावं लागत नाही, इथे हीटिंग चालू असलेल्या कोरड्या खोलीत लोक ते हमखास विसरतात आणि थराला बारीक भेगा पडतात.

आता दगड. बाजारात दोन जाती. नैसर्गिक थिन व्हिनिअर, म्हणजे खऱ्या दगडाची मागची बाजू करवतीने कापून साधारण इंचभर जाडीची केलेली. आणि उत्पादित दगड, म्हणजे सिमेंट, हलकी खडी आणि आयर्न ऑक्साइडचे रंग साच्यात ओतून केलेला. चिकटवून लावायच्या व्हिनिअरला संहितेने दर चौरस फुटाला १५ पौंडांची मर्यादा घातली आहे. उत्पादित दगड तिच्या बराच आत, बहुधा ८ ते १२ पौंडांत बसतो. नैसर्गिक दगड मर्यादेच्या जवळ जातो, म्हणून दुकानातून वजनाचा आकडा लेखी घ्या. काळा बेसॉल्ट अनेक मराठी घरांना हवा असतो, सह्याद्रीची आठवण म्हणून. दगड सुरेख आहे, पण घनतेने भारी आणि कापायला चिवट. त्याचे पातळ कापलेले तुकडेच घ्या, आणि कमी उजेडाच्या बेसमेंटसारख्या खोलीत छतापर्यंत नेऊ नका. ती भिंत उरलेला उजेडही गिळून टाकते.

वजनाची गंमत अशी की दगडाखेरीज गिलावा आणि मॉर्टर मिळून आणखी दहाएक पौंड येतात. म्हणजे दर चौरस फुटाला एकूण वीस पौंडांच्या आसपास. खालच्या विटांना स्वतःचा पाया आहे, त्यांना काही वाटत नाही. वरच्या एकवीस चौरस फुटांचे (६ फूट रुंद, साडेतीन फूट उंच) चारशे पौंड मात्र स्टडवर लटकणार आहेत. स्टड ते पेलतात, ड्रायवॉल पेलत नाही. स्क्रू स्टडमध्येच हवेत म्हणून मी मघाशी अडून बसलो ते याचसाठी.

मोजमाप असं धरा: रुंदी ६ फूट, उंची ८ फूट, म्हणजे ४८ चौरस फूट, तोंडाचे साडेसात वजा केले की साडेचाळीस. कोपऱ्याचे दगड लांबीच्या फुटांत विकले जातात. तुमचे दोन कोपरे साडेचार फुटांचे, म्हणजे ९ फूट. कोपऱ्याच्या दर फुटामागे साधारण पाऊण चौरस फूट सपाट दगड कमी लागतो. उरलेल्या सपाट दगडात १० टक्के तुटीसाठी वाढवा. वेड्यावाकड्या फील्डस्टोनला त्याहून थोडे जास्त. तुमच्या विटांची बाजू फक्त चार इंच असल्याने कोपऱ्याच्या दगडाचा लांब पाय दर दुसऱ्या ओळीत कापावा लागेल. ते कंटाळवाणं आहे, पण पर्यायाने नुसत्या सपाट दगडांच्या कडा एकमेकांना भिडवल्या तर लांबून बघणाऱ्यालाही हा मुलामा आहे हे कळतं.

सगळे खोके एकदम उघडा. तीन-चार खोक्यांतले दगड आलटून-पालटून घ्या, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे पडतात. समोर जमिनीवर प्लॅस्टिक पसरून त्यावर भिंतीएवढी मांडणी करून बघा. दोन मोठे दगड शेजारी नकोत, चार दगडांचे कोपरे एका बिंदूत नकोत, उभी दरज दोन ओळींतून सलग जायला नको. या मांडणीत एक अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. कामाचा सगळ्यात मजेशीर भाग हाच, आणि भिंत शेवटी कशी दिसणार ते इथेच ठरतं.

मॉर्टर कालवताना ते श्रीखंडाइतकं घट्ट हवं. थापी उलटी केली तरी पडता कामा नये. दगडाची पाठ ब्रशने झाडा, भुकटी असेल तर धुवा. गिलावा आणि दगडाची पाठ दोन्ही ओलसर करा, पण पाणी ओघळत नको. पाठीवर कडेपासून कडेपर्यंत अर्धा इंच मॉर्टर; मधे गोळा ठेवून दाबायची सवय पुण्याच्या क्लॅडिंगमध्ये बघितली असेल तर ती इथे सोडा. दाबा, थोडं हलवा, चारी बाजूंनी मॉर्टर बाहेर आलं की हात काढा. दहा मिनिटांनी तो वाकडा वाटला तर सरकवू नका. सरकवला की पकड तुटते, आणि ती पुन्हा धरत नाही. काढून, दोन्हीकडचं मॉर्टर खरडून, नव्याने लावा. घमेल्यातलं मॉर्टर आवळायला लागलं की पाणी घालून परत मऊ करायचं नाही, टाकून द्यायचं. म्हणून थोडं थोडं कालवा. सुरुवातीला दर तासाला एखादा दगड ओढून काढा आणि बघा: पाठ आणि गिलावा दोन्हींवर मॉर्टर चिकटलेलं असेल तर ठीक चाललंय.

सुरुवात कोपऱ्यांपासून, लांब पाय एकदा पुढे, एकदा बाजूला. लेजस्टोनसारखे चपटे थर असतील तर खालून वर, आणि दर दोन-तीन ओळींनी लेव्हल तपासत. गोलसर फील्डस्टोन वरून खाली लावला तर खालच्या दगडांवर मॉर्टर सांडत नाही, हा त्याचा फायदा. तोंडाच्या वरच्या ओळीला खालून आधार लागतो: पट्टी ठोकून ठेवा, मॉर्टर पक्कं झाल्यावर दुसऱ्या दिवशी काढा. त्या ओळीत उभे दगड लावा किंवा एकच लांब दगड घ्या; आडवे छोटे तुकडे हवेत तरंगताना बघून डोळ्याला खटकतं. तोंडाच्या आत व्हिनिअरचा तुकडाही जायला नको. आतली जागा फायरब्रिकची.

मँटलचं वजन दगडावर टाकू नका. त्याचा लाकडी क्लीट (आधाराची पट्टी) किंवा स्टीलचे दांडे दगड लावण्याआधी स्टडमध्ये बसवा, आणि दगड त्यांच्याभोवती कापा. भिंतीतला प्लगही दगडाच्या जाडीइतका पुढे आणावा लागतो. त्यासाठी बॉक्स एक्स्टेंडर मिळतात. त्याआधी ब्रेकर बंद करा.

कापायला साडेचार इंची ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड पुरतं. पण घरात कापू नका. या धुळीत सिलिका असते. कामगारांसाठी ओशा या अमेरिकी कामगार-सुरक्षा संस्थेची मर्यादा आठ तासांत हवेच्या दर घनमीटरला फक्त ५० मायक्रोग्रॅम आहे, यावरून ती किती वाईट ते समजा. ड्राइव्हवेवर, ब्लेडवर पाणी सोडून, नीट बसणारा मास्क लावून कापा. ग्राइंडर विजेचा असेल तर वायर जीएफसीआय प्लगमध्येच, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या. कापलेली कड नजरेच्या वरच्या दगडांना वरच्या बाजूला ठेवा, खालच्यांना खालच्या बाजूला, म्हणजे ती दिसत नाही.

दरजा भरायच्या असतील तर ग्राउट बॅगने भरा, सांडलेलं पुसू नका. मॉर्टरवर अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, अशा वेळी लाकडी काडीने दाबा आणि कोरड्या ब्रशने झाडा. ओला स्पंज फिरवला की सिमेंटचं पाणी दगडात जिरतं आणि पांढरट डाग कायमचे बसतात. ते काढायला काही जण म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड आणतात. उत्पादित दगडाच्या पृष्ठभागाचा रंगच त्याने खाल्ला जातो. लेजस्टोनमध्ये दरजा भरायच्याच नसतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी तोच सुचवतो.

सीलर ऐच्छिक आहे. लावायचा असेल तर आत शिरणारा, भिंतीला श्वास घेऊ देणारा सिलेन-सिलोक्सेनचा. वर चकचकीत थर धरणारा नको, तो उष्णतेने पिवळा पडतो. तुमच्याकडे मँटलवर गणपती आणि त्यापुढे तेलाचा दिवा असेल, तर मँटलच्या वरचा पहिला हातभर दगड जरूर सील करा, कारण सच्छिद्र दगडात गेलेलं तेल बाहेर येत नाही. दिव्याखाली ताटली ठेवायला सांगायला नकोच.

वेळ. तयारी आणि लाथ यांचा एक वीकेंड, मधल्या आठवड्यात स्क्रॅच कोट, मग दगडांना दोन वीकेंड, असं धरून चाला. मॉर्टरला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. तोवर आग पेटवू नका; आतलं पाणी वाफ होऊन निघताना पकड उकलते. दिवाळीला पाहुण्यांना दगड दाखवा आणि पहिली आग थँक्सगिव्हिंगला लावा, तीही आधी दोन-तीनदा छोटी. आणि दगडांचे खोके थंड गॅरेजमध्ये असतील तर लावायच्या आदल्या दिवशी घरात आणून ठेवा. ४० अंश फॅरनहाइटच्या खालच्या दगडावर मॉर्टर नीट धरत नाही.

टीव्हीबद्दल माझं मत विचारलंत तर तो दुसऱ्या भिंतीवर न्या. मँटलच्या वर असला तर मान वर करून बघावं लागतं, आणि बहुतेक टीव्हींची मॅन्युअल्स भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायला सांगतात. तरीही तिथेच हवा असेल तर चिमणीची तपासणी झाल्यावर, पण दगड लावण्याआधी, एकदा तासभर आग पेटवा आणि टीव्हीच्या जागी थर्मामीटर चिकटवून बघा. आकडा जवळ आला तर खोल मँटल थोडी उष्णता पुढे वळवतो, पण त्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. आकडा चालण्यासारखा असेल तर स्टडच्या मधे आडवं लाकूड टाकून घ्या, टीव्ही झाकणार तेवढ्या चौकोनात दगडाऐवजी सपाट सिमेंट बोर्डच ठेवा, आणि केबलसाठी पाइप भिंतीत आधी घाला. तो चिमणीच्या जवळून कुठून न्यायचा हे इलेक्ट्रिशियनला ठरवू द्या.

हे सगळं वाचून माणूस लावायचं ठरवलंत तर कोटेशन घेताना तीनच गोष्टी विचारा: रंगवलेल्या विटांवर काय करणार, ड्रायवॉलवर काय करणार, आणि नव्या जाडीनंतर हार्थ किती इंच उरेल. पहिल्या दोन्हींना "चांगलं अ‍ॅडहेसिव्ह आहे" असं उत्तर आलं, तर त्याचा दर कितीही कमी असो, पुढच्याला फोन करा.